फळमाशीच्या पानात काय वाढावे? दोन सापळे आणि एका आमिषाचा हंगामभराचा अनुभव

रत्नागिरी तालुक्यात आमची हापूसची बेचाळीस कलमे आहेत, आणि मे महिन्याचा पहिला पंधरवडा उलटला की आढीतून काढलेला आंबा कापताना हात थोडा थबकतोच. वरून निर्दोष दिसणारे फळ, सालीवर टाचणीच्या टोकाएवढा एक काळसर ठिपका, आणि सुरी आत गेली की पांढऱ्या अळ्यांची वळवळ, हा प्रसंग ज्याच्यावर पाहुण्यांसमोर ओढवला आहे त्याला फळमाशीची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात परसातल्या मांडवावर पडवळ, दोडका, कारली आणि काकडी असतात, आणि तिथे हीच कथा दुसऱ्या जातीची फळमाशी पुन्हा घडवते. गेल्या हंगामात मी या दोन्हींसाठी तीन वस्तू विकत आणल्या: आंब्यासाठी मिथाइल युजेनॉल या गंधद्रव्याचे सहा सापळे, मांडवासाठी क्यू ल्युअर या दुसऱ्या गंधद्रव्याचे तीन सापळे आणि प्रथिनयुक्त आमिषाचा एक लिटरचा डबा. तिन्हींचे उत्पादक वेगवेगळे आहेत. त्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण मला जाणवलेले बहुतेक गुणदोष या प्रकारच्या बऱ्याच वस्तूंना लागू पडतील असे वाटते, आणि खरेदी करताना नावापेक्षा वेष्टनावर काय लिहिले आहे हे वाचणे अधिक उपयोगाचे आहे.

या वस्तूंचा कस लावण्याचे माझे माप एकच होते, आणि ते म्हणजे ही वस्तू नेमक्या कोणत्या माशीला, तिच्या आयुष्यातल्या कोणत्या टप्प्यावर आणि कशाच्या भुकेवर बोलावते. हे माप घेण्याचे कारण असे की आंबा खाते ती अळी, माशी नव्हे. प्रौढ फळमाशीला चावण्याचे दातच नसतात. तिच्या सोंडेचे टोक स्पंजासारखे असते आणि ती द्रव पदार्थ टिपून घेते किंवा लाळेने भिजवून मग शोषते. तिची रोजची गरज पाणी आणि साखर एवढीच असते, आणि ती तुडतुड्यांनी पानांवर टाकलेला चिकटा, फुलांतला मध, झाडाच्या जखमेतून आलेला रस किंवा खाली पडून फुटलेल्या फळाचे पाणी यांतून भागते. मादीची गोष्ट मात्र निराळी असते. जमिनीतल्या कोषातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मादीच्या पोटात पिकलेली अंडी नसतात, ती तयार होण्यासाठी तिला प्रथिने लागतात, आणि ती मिळवण्यासाठी ती पक्ष्यांची विष्ठा, कुजणारी फळे आणि पानांच्या पृष्ठभागावर वाढणारे जिवाणू धुंडाळत फिरते. म्हणजे कोषातून निघाल्यापासून पहिले अंडे घालेपर्यंत आठवडा-दीड आठवड्याचा असा काळ असतो, की त्यात मादीला फळाची नव्हे तर खाण्याची ओढ असते. कोणतेही आमिष मादीला गाठणार असेल तर ते याच दिवसांत सर्वांत चांगले गाठते.

आता पहिल्या वस्तूकडे येतो. मिथाइल युजेनॉलचा सापळा दिसायला साधा आहे: पारदर्शक प्लास्टिकचा डबा, वर पिवळे झाकण, बाजूला चार भोके आणि आत तारेला लटकवलेला, गंध आणि कीटकनाशकात भिजवलेला प्लायवूडचा ठोकळा. एका सापळ्याला ठोकळ्यासह सव्वाशे रुपये पडले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी ते साधारण डोक्याच्या उंचीवर, सावलीच्या फांद्यांना बांधले, आणि आठव्या दिवशी पहिला डबा उघडला तेव्हा तळाशी बोटभर जाडीचा माश्यांचा थर होता. शेजारच्या बागायतदाराने तो पाहून तिथल्या तिथे सहा सापळ्यांची मागणी नोंदवली. तेवढ्या वेळात मी तो थर वर्तमानपत्रावर ओतून आगकाडीच्या टोकाने एकेक माशी उलटी करून पाहत होतो. मादी ओळखणे अवघड नसते. तिच्या पोटाचे टोक निमुळते होत सुईसारख्या नळीत संपते, आणि हीच नळी ती फळाच्या सालीत खुपसते. नराचे पोट मागे बोथट असते. मी सव्वादोनशे माश्या मोजल्या आणि मग कंटाळून थांबलो. सुई असलेली एकही त्यांत नव्हती.

हा सापळ्याचा दोष नव्हे, त्याचा स्वभाव आहे. मिथाइल युजेनॉलकडे नरच धावतात, आणि तेही वयात आलेले. ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. बिहारमधल्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत काम करणारे कीटकशास्त्रज्ञ फ्रँक हॉवलेट यांना त्यांच्या एका शेजाऱ्याकडून समजले, की डास दूर राहावेत म्हणून रुमालावर सिट्रोनेला तेल शिंपडले तर त्यावर माश्या येऊन बसतात. त्या सगळ्या नर फळमाश्या होत्या. हॉवलेट यांनी १९१२ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि पुढे १९१५ मध्ये त्यामागचा खरा घटक मिथाइल युजेनॉल असल्याचे दाखवून दिले. आपल्या अंगणातल्या तुळशीतही तो असतो, आणि तुळशीची पाने चुरगाळून ठेवली की आंब्यावरचे नर तिथे घोटाळताना दिसतात ते त्यामुळेच. नराच्या दृष्टीने हे पोट भरण्याचे अन्न नव्हेच, त्याला अत्तर म्हणणे जास्त बरोबर होईल. तो ते चाटतो, शरीरात त्याचे रूपांतर करून गुदाशयाच्या ग्रंथीत साठवतो आणि संध्याकाळी मिलनाच्या वेळी तो गंध हवेत सोडतो. असे अत्तर लावलेल्या नराला माद्या अधिक पसंत करतात, हे हवाईमधल्या प्रयोगांतून १९९० च्या दशकात स्पष्ट झाले आहे.

म्हणून वेष्टनावरचे "नर-मादी दोन्ही फळमाश्यांचा संपूर्ण नायनाट" हे वाक्य मला खटकले. वेष्टनावर दिलेल्या क्रमांकावर मी फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे सांगितले, "साहेब, नर आला की मादी त्याच्या मागून येतेच." मी त्यांना माझी मोजणी सांगितली तेव्हा त्यांनी सापळ्यांची संख्या दुप्पट करण्याचा सल्ला दिला. विक्री म्हणून सल्ला उत्तम होता. शास्त्र म्हणून त्यात अर्धेच तथ्य आहे, कारण नर संपवून फळमाशी आटोक्यात आणणे शक्य असते, पण त्यासाठी जवळजवळ सगळे नर संपवावे लागतात. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे दहातले आठ नर मेले तरी उरलेले दोघे काम भागवतात. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर १९६० च्या दशकात मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेल्या चकत्या वारंवार टाकून ही फळमाशी समूळ संपवली गेली, मात्र ते चारी बाजूंनी समुद्र असलेले बेट होते आणि मोहीम एकाच वेळी संपूर्ण बेटावर चालली होती. माझ्या एकरभर बागेला समुद्र नाही, तीन बाजूंना इतरांच्या बागा आहेत आणि चौथ्या बाजूला कोणाचेच लक्ष नसलेले रायवळ आहेत. मी दरवाजा बंद केला तरी खिडक्या दुसऱ्यांच्या घरात उघड्या आहेत. सबंध वाडीने एकदम सापळे लावले तर गोष्ट वेगळी, आणि शेजाऱ्याच्या त्या मागणीने मला खरा आनंद झाला तो याच कारणाने.

या सापळ्याचा दुसरा दोष मात्र स्वभावाचा नसून बनावटीचा आहे आणि तो मी माफ करणार नाही. जूनच्या सुरुवातीला, म्हणजे ठोकळे टांगून दोन महिने झाल्यावर, सकाळी साडेनऊच्या सुमारास मी एका सापळ्यासमोर पंधरा मिनिटे उभा राहिलो. एक नर आत शिरला, ठोकळ्यावर बसला, सोंड टेकवून बराच वेळ चाटत राहिला, मग डब्याच्या भिंतीवर दोन फेऱ्या मारून आला त्याच भोकातून बाहेर पडला आणि शेजारच्या पानावर बसून पंख साफ करू लागला. त्याच्यानंतर आणखी दोघांनी तेच केले. ठोकळ्यातला गंध शिल्लक होता, पण कीटकनाशकाचा जोर ओसरला होता, आणि भोके इतकी मोठी होती की आत आलेल्याला बाहेर पडायला काहीच अडचण नव्हती. वर सांगितलेली अत्तराची हकिगत लक्षात घेतली तर याचा अर्थ गंभीर आहे: असा सापळा नराला मारत नाही, उलट नटवून मिलनाला पाठवतो. वेष्टनावर "तीन महिने प्रभावी" असे छापले होते. तीन महिने गंध प्रभावी असेलही, विष नव्हते. घरी ठोकळे भिजवणाऱ्यांसाठी अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल आणि मॅलेथिऑन हे कीटकनाशक यांचे ६:४:१ हे प्रमाण सर्वत्र सांगितले जाते. त्या हिशेबाने तयार ठोकळ्यात कशाचे किती प्रमाण आहे हे उत्पादकाने छापायला हवे होते, ते कुठेही नव्हते. हातमोजे घाला असेही कुठे लिहिलेले नव्हते, वास्तविक मिथाइल युजेनॉलला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये "मानवात बहुधा कर्करोगकारक" या गटात घातले आहे. कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा "रक्षक" सापळा पुष्कळांच्या परिचयाचा आहे. मी घेतलेला तो नव्हे, हे गैरसमज टाळण्यासाठी नोंदवतो.

तरीही हा सापळा मी टाकून देणार नाही, कारण मोजणीसाठी त्याच्यासारखे दुसरे साधन नाही. दर शनिवारी सहा डब्यांतल्या माश्या मोजून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आकडा लिहिला की बागेत माशी कधी वाढू लागली हे फळावर ठिपका दिसण्याच्या आधी कळते. फळमाशीमुळे १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा आणि चार भाज्यांची आयात थांबवली होती. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, पण तो हंगाम ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेळेवर मिळालेल्या आकड्याचे मोल सांगायला नको. मोजणीयंत्र म्हणून पाचांपैकी चार, नियंत्रणाचे साधन म्हणून दोन.

मांडवावरच्या क्यू ल्युअरच्या सापळ्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. तत्त्व तेच, गंध वेगळा, पाहुणा वेगळा. काकडीवर्गातल्या भाज्यांवरची फळमाशी मिथाइल युजेनॉलला ढुंकूनही विचारत नाही, तिच्या नरांना क्यू ल्युअर लागतो. पहिल्या खेपेला दुकानदाराने मला "फळमाशी म्हणजे फळमाशी" असे म्हणत आंब्याचाच ठोकळा दिला, आणि तीन आठवडे सापळा कोरडा राहिल्यावर मी तो बदलून आणला. दुकानदाराने विनातक्रार बदलून दिला याचे श्रेय त्याला द्यायला हवे, पण दोन्ही वेष्टने एकाच रंगाची आणि ल्युअरचे नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात, ही चूक उत्पादकाची आहे. खरेदीच्या संकेतस्थळांवर या सापळ्यांना एक तारा देणारे बरेचसे अभिप्राय मी वाचले, त्यांत स्वयंपाकघरातल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे याने जात नाहीत अशीही तक्रार आहे. ती जाणारच नाहीत. चिलट हा वेगळ्या कुळातला कीटक असून त्याला आंबलेल्या फळाचा वास आवडतो. त्याच्यासाठी वाटीभर व्हिनेगर पुरेसे आहे.

आणि आता ज्या वस्तूसाठी हे सगळे लिहायला बसलो ती, म्हणजे प्रथिनयुक्त आमिष. डबा उघडला की पहिल्यांदा नाक मागे जाते. सोयाबीन भिजत घालून तीन दिवस विसरले तर जो वास येईल त्याला मिठाची आणि किंचित अमोनियाची जोड दिली की हा वास होतो. द्रव गडद तपकिरी, काकवीपेक्षा थोडा पातळ. तो पाण्यात मिसळून, वेष्टनावर सुचवलेले कीटकनाशक सांगितलेल्या प्रमाणात घालून, झाडाच्या एका बाजूला खालच्या पानांच्या मागे हातभर रुंदीचा पट्टा फवारायचा असतो. सबंध झाड भिजवायचे नसते, आणि फळावर तर थेंबही पडू द्यायचा नसतो. माशी स्वतःहून अन्नाकडे येते या विश्वासावर ही पद्धत उभी आहे. बेचाळीस कलमांना एका वेळी पाठीवरच्या पंपाची अर्धी टाकीसुद्धा लागली नाही, ही गोष्ट मजुरीचा हिशेब करणाऱ्याला फार बोलकी आहे.

वेष्टनावर विश्वास ठेवण्याआधी मी एक घरगुती परीक्षा घेतली. कीटकनाशक न घालता तीन बशा एका कलमाच्या बेचक्यात ठेवल्या: एकीत गुळाचे पाणी, दुसरीत हे आमिष पाण्यात कालवलेले, तिसरीत नुसते पाणी. पहिल्या तासात गुळाच्या बशीवर मुंग्यांची रांग लागली, दोन मधमाश्या आल्या आणि दोन-चार फळमाश्याही. आमिषाच्या बशीवर मुंग्या फिरकल्या नाहीत, फळमाश्या मात्र थोड्या थोड्या करून येत राहिल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींच्या मागे ती सुई होती. एका मादीला मी भिंगातून पाहिले. तिने बशीच्या काठावर सोंड टेकवली, पुढे सरकली, पुन्हा टेकवली, पोट भरल्यावर दोन बोटे बाजूला जाऊन पानाच्या कडेवर स्थिर बसली आणि तोंडातून तपकिरी थेंबाचा फुगा बाहेर काढून पुन्हा आत ओढू लागली. खाल्लेल्या द्रवातले जास्तीचे पाणी उडवून लावण्याची ही तिची रीत आहे. पाच-सहा मिनिटे तो फुगा आत-बाहेर होत होता. एवढ्या निवांतपणे जेवणारी माशी ही माझ्या आंब्याची वैरीण आहे, हे क्षणभर मी विसरलो होतो.

एका दुपारच्या तीन बशांवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मला मान्य आहे. पण गूळ आणि प्रथिन यांतला फरक तर्काशी जुळणारा होता. साखरेची गोडी कोणालाही बोलावते, आणि बागेत तुडतुड्यांचा चिकटा भरपूर असेल तर गुळाच्या पाण्याला किंमत राहत नाही, कारण घरी पोटभर जेवलेला माणूस पंगतीला उशिरा येतो. प्रथिने बागेत सहजी मिळत नाहीत, म्हणून भुकेली मादी त्यांच्या वासावर दुरून येते. यातूनच या वस्तूची मर्यादाही दिसते. मुबलक अंडी पोटात असलेली, फळ शोधणारी मादी या वासाला तितकी भुलत नाही. मी पहिली फवारणी एप्रिलच्या अखेरीस केली, ती उशिरा झाली असे आता वाटते. सापळ्यातला आकडा चढू लागला त्याच आठवड्यात ती व्हायला हवी होती. वेष्टनावर मात्र "प्रादुर्भाव दिसताच फवारावे" असे छापले आहे. फळावर प्रादुर्भाव दिसला याचा अर्थ अंडी घालून झाली आहेत, आणि तेव्हा त्या मादीला जेवायला बोलावून काही साधत नाही.

दर सात दिवसांनी फवारणी, हेही वाचायला सोपे आणि करायला कठीण आहे. आमच्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाची एक जोरदार सर आली आणि आदल्या दिवशीचा सगळा पट्टा धुऊन गेला. पुन्हा फवारावे लागले, डबा संपला, आणि दुकानात नवा डबा आठ दिवस मिळाला नाही. नेमक्या त्याच आठवड्यात शेवटच्या तोडणीतल्या आंब्यांना सर्वाधिक डाग लागले. पावसाळ्यात मांडवासाठी मी उरलेल्या आमिषाचा थोडा वेगळा उपयोग केला. काकडीवरची फळमाशी अंडी घालण्यापुरतीच वेलीवर येते आणि बाकीचा वेळ आजूबाजूच्या उंच झाडोऱ्यात काढते, हे हवाईमधल्या जुन्या अभ्यासांत नोंदवलेले आहे. म्हणून मी पट्टा मांडवावर न मारता बांधावरच्या एरंडी आणि मक्याच्या पानांमागे मारला. सकाळी सातला एरंडीचे पान उलटून पाहिले तर चार-पाच माश्या पट्ट्यालगत मरून चिकटलेल्या होत्या. पडवळे त्या वर्षी सरळ वाढली, डंख बसून वाकडी झालेली फार थोडी निघाली.

निकालाचा आकडा द्यायचा तर, मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्या तोडणीच्या आढीतून काढलेल्या शंभर आंब्यांत मला अळीचे चार मिळाले. आदल्या वर्षी त्याच सुमाराला ते सतरा होते. हे सगळे श्रेय आमिषाचे आहे असे मी म्हणणार नाही, कारण याच वर्षी आम्ही पडाचे आंबे रोज संध्याकाळी वेचून दोन हात खोल पुरले, आणि कुजणारे फळ बागेत न ठेवणे म्हणजे अळीचे घर आणि माशीचे आयते जेवण दोन्ही एकदम बंद करणे आहे. आमिषाला पाचांपैकी चार. एक गुण कापला तो वेळेसंबंधीच्या चुकीच्या सूचनेबद्दल आणि झाकणाबद्दल, कारण डबा एकदा उघडला की झाकण पुन्हा घट्ट बसत नाही आणि जूनमध्ये त्यात बुरशीची साय धरते.

पुढच्या मोसमासाठी दुकानदाराकडे मागणी नोंदवली आहे ती अशी: आमिषाचे अर्ध्या लिटरचे चार डबे, कारण मोठा डबा टिकत नाही, मिथाइल युजेनॉलचे नुसते ठोकळे बारा, म्हणजे दर सहा आठवड्यांनी बदलता येतील, आणि सापळ्यांचे नवे डबे एकही नको. जुन्या डब्यांच्या भोकांना मी सायकलच्या वायर-नळीचे छोटे तुकडे आतल्या बाजूने बसवले आहेत, म्हणजे आत जाणे सोपे राहील आणि बाहेरची वाट सापडणार नाही. ते जमले की नाही हे मार्चअखेरीला, पहिल्या शनिवारच्या मोजणीत कळेल.